इतिहासाचा मास्तर, दोन युद्धांचा सेनापती

१/१४
महाराष्ट्रात वर्षानुवर्षे एक संदेश फिरत आहे. अमेरिकेला नमवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे विजयाचे श्रेय छत्रपती शिवाजी महाराजांना दिले आणि आपल्या समाधीवरही महाराजांचे नाव कोरून घेतले. हाच संदेश हिंदी पट्ट्यात पोहोचतो तेव्हा महाराजांच्या जागी महाराणा प्रताप येतात. नायक बदलूनही गोष्ट जशीच्या तशी चालते, यावरूनच तिची विश्वासार्हता ओळखावी.

२/१४
या दंतकथेने महाराजांच्या कीर्तीत काडीचीही भर पडत नाही. मात्र ज्याने ती युद्धे लढवली तो माणूस तिच्याआड झाकला जातो. त्याचे नाव व्हो न्गुयेन जियाप. कोणत्याही लष्करी अकादमीची पायरी न चढलेला हा सेनापती मुळात शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर होता. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तर हे चरित्र आवर्जून समजून घ्यावे.

३/१४
जियाप यांचा जन्म १९११ चा, मध्य व्हिएतनाममधील क्वांग बिन्ह प्रांतातला. देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. ह्युए येथील शाळेतून विद्यार्थी चळवळीपायी त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे तुरुंगवासही घडला. तरीही त्यांनी हनोईत कायद्याची पदवी मिळवली आणि थांग लाँग या खाजगी शाळेत ते इतिहास शिकवू लागले. नेपोलियनच्या लढायांचे नकाशे ते फळ्यावर सहज रेखाटत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगत.

४/१४
१९४० मध्ये पत्नी आणि लहान मुलीचा निरोप घेऊन ते चीनमध्ये गेले. तेथे त्यांची हो चि मिन्ह यांच्याशी भेट झाली. पत्नी न्गुयेन थी क्वांग थाई स्वतः क्रांतिकारक होत्या. त्या फ्रेंचांच्या तुरुंगात मरण पावल्या. मेव्हणीला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे वडिलांचाही फ्रेंचांच्या कैदेत अंत झाला. या माणसाचे युद्ध केवळ पुस्तकी नव्हते, हे येथेच ध्यानी घ्यावे.

५/१४
२२ डिसेंबर १९४४ रोजी काओ बांगच्या जंगलात जियाप यांनी अवघ्या ३४ जणांची तुकडी उभी केली. तिचे नाव होते ‘सशस्त्र प्रचार तुकडी’. नावात आधी प्रचार, मग लढाई. गावाला समजावल्याखेरीज गाव सैन्य पोसत नाही, हे मास्तराला ठाऊक होते. याच तुकडीतून व्हिएतनामचे सैन्य वाढले. १९४८ मध्ये जियाप थेट जनरल झाले.

६/१४
त्यांच्या गौरवकथा पुढचे पान बहुधा गाळतात. १९५० मध्ये चिनी सीमेवर फ्रेंचांना हरवल्यावर जियाप यांचा आत्मविश्वास वाढला. १९५१ च्या जानेवारीत विन्ह येन येथे त्यांनी सपाट, उघड्या मैदानात सैन्य झोकले. फ्रेंच विमानांनी नापाम ओतले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर जूनपर्यंतचे आणखी दोन हल्लेही फसले.

७/१४
हा पराभव वगळला तर दिएन बिएन फू समजत नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांनी लाओसच्या सीमेजवळील या दरीत छत्रीधारी सैनिक उतरवून तळ उभारला. सभोवार डोंगर, रसद केवळ विमानाने. डोंगरांवरून जड तोफा आणणे शत्रूला अशक्य आहे, असा फ्रेंचांचा हिशेब होता.

८/१४
तो चुकला. चीनने पुरवलेल्या १०५ मिलिमीटरच्या तोफा सैनिकांनी दोरखंड लावून, हातांनी ओढत चढवल्या. हजारो हमाल सायकली ढकलत तांदूळ आणत होते. एकेका सायकलवर २०० किलोहून अधिक भार. झटपट हल्ला करून झटपट विजय, अशी योजना होती आणि जानेवारी १९५४ च्या अखेरचा मुहूर्तही ठरला होता.

९/१४
त्या चढाईच्या ऐन तोंडावर, २६ जानेवारीला जियाप यांनी हल्ला रद्द केला. फ्रेंचांची तटबंदी वाढली होती. आपल्या सैन्याला पायदळ आणि तोफखाना यांची एकत्र लढाई पुरेशी सरावाची नव्हती. एवढ्या कष्टाने चढवलेल्या तोफा पुन्हा मागे ओढल्या गेल्या. आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय तोच, असे त्यांनी पुढे लिहिले.

१०/१४
जियाप यांच्या मोठेपणाचे खरे मोजमाप हा दिवस आहे. विन्ह येनचा धडा येथे उपयोगी पडला. उत्साही सैन्याला ‘आज नाही’ असे सांगण्यास हल्ल्याची आज्ञा देण्याहून अधिक धैर्य लागते. पुढचे सहा आठवडे तोफा डोंगरात दडवण्यात आणि तयारीत गेले. १३ मार्चला मारा सुरू झाला. दोनच दिवसांनी फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरोत यांनी आत्महत्या केली. ७ मे रोजी तळ पडला. १०,००० हून अधिक सैनिक कैद झाले.

११/१४
या लढाईला सरसकट गनिमी कावा म्हणणे चूक आहे. खंदक पुढे पुढे सरकवत, तोफखान्याच्या आधाराने दिलेला तो शिस्तबद्ध वेढा होता. त्यामागे माओची दीर्घयुद्धाची मांडणी, चिनी मदत, नेपोलियनचा अभ्यास आणि व्हिएतनामची स्वतःची परंपरा होती. तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारा चान हुंग दाओ आणि १७८९ मध्ये ऐन तेत सणात चिनी फौजेवर तुटून पडलेला क्वांग चुंग हे त्यांच्या घरचेच आदर्श होते.

१२/१४
अमेरिकेविरुद्धच्या दुसऱ्या युद्धात जियाप संरक्षणमंत्री होते, पण सूत्रे ले झुआन यांच्या हाती सरकली होती. १९६८ च्या तेत हल्ल्याबाबत जियाप साशंक होते आणि तो सुरू झाला तेव्हा ते परदेशात होते, असे अलीकडचे अभ्यासक सांगतात. १९७५ ची अंतिम मोहीम प्रत्यक्ष चालवली ती व्हान तिएन झुंग यांनी. ‘एकट्या जियापने अमेरिकेला हरवले’ हे वाक्यही म्हणूनच दंतकथाच.

१३/१४
विजयाची किंमतही सांगितली पाहिजे. या युद्धात आपले सुमारे ११ लक्ष सैनिक आणि २० लक्ष नागरिक मेले, असे व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केले. मनुष्यहानीची पर्वा न करणारा सेनापती, हा जियाप यांच्यावरील आक्षेप निराधार नाही. विजेत्या राज्यानेही त्यांना हळूहळू बाजूला सारले. या रणधुरंधराकडे काही काळ कुटुंबनियोजनाचे काम होते. ४ ऑक्टोबर २०१३ रोजी, १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१४/१४
शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि पुढे बळ जमवून परत घेतले. माघारीचे हे शहाणपण जियाप यांच्या त्या निर्णयाशी ताडून पाहण्याजोगे आहे. तुलना अवश्य करावी, मात्र साम्य दिसले म्हणजे प्रभाव सिद्ध होत नाही. महाराजांचे मोठेपण हनोईच्या दाखल्यावाचून अडलेले नाही. तो संदेश पुन्हा आला तर पुढे धाडण्याऐवजी विन्ह येन आणि दिएन बिएन फू ही दोन नावे नकाशावर शोधावीत. मास्तराने विद्यार्थ्यांना तेच करायला लावले असते.

#इतिहास #व्हिएतनाम #धागा