फोटोतला गुलाल कोण पुसतो?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, आणि राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळाचा काळा दगड संध्याकाळपर्यंत गुलाबी होतो. त्या दिवशी काढलेले फोटो पुढे वर्षभर फिरतात: फ्लेक्सवर, मंडळाच्या अहवालात, लग्नपत्रिकेवर, रविवारच्या ‘आजचे दर्शन’मध्ये. वर्ष सरता सरता त्यांतला गुलाल मळकट होतो, काठ्यांभोवती मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात, ‘चांगभलं’वरचा अनुस्वार विरघळतो. लोक दोष देतात कॅमेऱ्याला, नाहीतर छापणाऱ्याला. माझ्या मते दोष बहुतेक वेळा फाईल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्याच्या आपल्या सवयींत आहे. त्या सवयींमागे काही ठाम मतं आहेत आणि ती मतं खोडून काढणं गरजेचं झालं आहे.

पहिलं मत सगळ्यांत भक्कम, म्हणून त्याला आधी भिडू. ते असं: फॉरमॅटचं काय घेऊन बसलात? जेपीजी कुठेही उघडतो. साताऱ्याच्या निनाम पाडळीतल्या भाविकाच्या साध्या फोनवर आणि दुबईतल्या त्याच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर एकच फाईल दिसते. १९९२ मध्ये ठरलेलं हे मानक आजही टिकून आहे, ते उगाच नाही. यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. फोटो पाठवायचा असेल तर जेपीजीच पाठवावा. त्याच्या मुळाशी असलेलं गणितही आपल्याला जवळचं आहे: बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांना १९७२ मध्ये ते सुचलं आणि १९७४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ते प्रसिद्ध केलं. बारा मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर ३६ एमबी होतो. तोच फोटो जेपीजीत चार-पाच एमबीत बसतो. ही करामत नसती तर डोंगरावरून एकही फोटो त्या गर्दीत खाली पोहोचला नसता.

पण ही करामत काहीतरी टाकून देऊनच साधते, आणि काय टाकायचं हे जोतिबाचा डोंगर पाहून ठरलेलं नाही. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक दिसतो, रंगातला तितका दिसत नाही, या आधारावर ते ठरलं आहे. म्हणून बहुतेक फोन जेपीजी करताना उजेड प्रत्येक ठिपक्याचा जपतात, रंग मात्र चार ठिपके मिळून एकच ठेवतात. ४००० गुणिले ३००० च्या फोटोत रंग प्रत्यक्षात २००० गुणिले १५०० इतकाच उरतो. हिरव्या शेताच्या फोटोत हे कोणाला कळणारही नाही. गुलालाच्या फोटोत कळतं, कारण तिथे सगळी गोष्टच रंगाच्या कडेची आहे: काळ्या पायरीवर पडलेली गुलाबी रेघ, पांढऱ्या टोपीवरचा गुलालाचा शिंतोडा. ती कड शेजारच्या ठिपक्यांत पसरते, टोपी गुलाबीसर होते आणि गुलाल फिका पडतो.

यानंतर जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातले मोठे फरक ठेवतो, बारीक फरक शून्याच्या जवळ असतील तर शून्यच धरतो. काळ्या दगडावरची छिन्नीची फिकट रेघ हा असाच बारीक फरक असतो. ती सगळ्यांत आधी जाते. उलट मोकळ्या आकाशावर उभी असलेली काठी ही इतकी तीक्ष्ण कड आहे की थोड्या आकड्यांत ती मावत नाही आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोटे ठिपके उमटतात. मुंग्या म्हणतात त्या याच. पहिल्यांदा सेव्ह करताना हे नुकसान सहसा जाणवत नाही. नंतर कोणी तो फोटो कापतो, उजळ करतो, वर मंडळाचं नाव टाकून पुन्हा जेपीजीत सेव्ह करतो, ग्रुपवर टाकतो. व्हॉट्सॲप त्याला नेहमीच्या पद्धतीने लांब बाजूला सुमारे १६०० ठिपक्यांवर आणतं. दुसरं मंडळ तिथून उचलतं आणि वीस फुटी फ्लेक्सवर लावतं. प्रत्येक टप्प्यावर फरक नव्याने मोजले गेले, नव्याने शून्य झाले. फ्लेक्सवाल्याने अशा वेळी ‘फोटो फुटतोय’ म्हटलं तर तो खरंच सांगत असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे दुसरं मत पुढे येतं, आणि माझ्या लेखी ते सगळ्यांत घातक आहे: पीएनजीत कन्व्हर्ट करा, क्लिअर होईल. होत नाही. पीएनजी आपल्या हाती आलेल्या ठिपक्यांतला एकही सोडत नाही, हे खरं. पण त्याच्या हाती काय आलं? आधीच मळलेला गुलाल आणि आधीच आलेल्या मुंग्या. त्या तो इमानदारीने जशाच्या तशा जपून ठेवतो, फाईल कितीतरी पट फुगते आणि आकडा मोठा दिसला की माणसाला वाटतं दर्जा वाढला. शून्य धरलेला फरक कुठल्याही कन्व्हर्टरला परत आणता येत नाही. हल्लीची काही साधनं तपशील भरून देतात, पण ते अंदाजाने भरतात. देवाच्या हातातलं खड्ग, पानपात्र, डमरू, त्रिशूळ यांतलं काही अंदाजाने रेखाटलेलं असावं, हे मला तरी मान्य नाही.

पीएनजीचा खरा उपयोग वेगळा आहे आणि फ्लेक्स करणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. बॅकग्राउंड काढलेला देवाचा फोटो त्यांच्या बोलण्यात सरळ ‘पीएनजी’च असतो, कारण पारदर्शक जागा पीएनजीत राहते, जेपीजीत राहत नाही, तिथे पांढरा चौकोन येतो. पण नेटवरून उतरवलेल्या अशा कितीतरी फायली नावापुरत्याच पीएनजी असतात. पारदर्शकतेची खूण म्हणून दिसणारी राखाडी-पांढरी चौकट चित्रातच मुरलेली असते आणि कडांना जेपीजीचा मळ तसाच असतो. पीएनजी हा प्रकार १९९६ मध्ये मानक म्हणून आला, त्याआधी जीआयएफच्या तंत्रावर पेटंटधारक कंपनीने पैसे मागायला सुरुवात केली होती. सर्वांना मोकळेपणाने वापरता यावं म्हणून लोकांनी मेहनतीने घडवलेल्या साधनाचा असा नुसता नावाने वापर व्हावा, याचं वाईट वाटतं.

नाव बदलण्यावरून आणखी एक. आयफोनचा एचईआयसी फोटो संगणकावर उघडत नाही म्हणून फाईलच्या शेवटची अक्षरं पुसून ‘जेपीजी’ लिहिणारे भेटतात. काही संगणक तेवढ्यानेही उघडतात, म्हणून समज पक्का होतो. पण आतला मजकूर एचईआयसीच राहतो आणि ऐन छपाईच्या वेळी अडतो. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपीजीचा पर्याय असतो, नाहीतर रीतसर कन्व्हर्ट करावं. तसंच ‘जेपीजी नुसता उघडून पाहिला तरी झिजतो’ हेही खोटं. पाहिल्याने काही होत नाही, पुन्हा सेव्ह केल्याने होतं.

नव्याची ओढ असणाऱ्यांचं मत वेगळं. त्यांना सगळा जुना संग्रह वेबपीत बदलून टाकायचा असतो. २०१० मध्ये गूगलने आणलेला हा प्रकार जेपीजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान फाईल देतो, असं गूगलच सांगतं. देवस्थानाचं संकेतस्थळ कमकुवत नेटवर पटकन उघडायला तो उत्तमच. पण जेपीजीतून वेबपी करणं म्हणजे एकदा टाकून उरलेल्यातून पुन्हा टाकणं. शिवाय नेहमीचा वेबपी रंग चारास एक असाच ठेवतो. गुलालापुरतं तरी तिथे काही सुधारलेलं नाही. मूळ फाईल पुसून वेबपी ठेवणाऱ्याने थोड्या जागेसाठी जे दिलं ते परत मिळणार नाही.

माझी बाजू अशी आहे. देवघरातला टाक झिजला की नवा करतात, तेव्हा झिजलेल्या टाकावरून करत नाहीत; सोनाराकडच्या ठशावर नवा पत्रा चढतो. फोटोलाही ठसा लागतो, आणि तो म्हणजे कॅमेऱ्याने दिलेली पहिली फाईल. ती जेपीजी असो, एचईआयसी असो किंवा मोठ्या कॅमेऱ्याची रॉ असो, तिच्यावर काहीही लिहायचं नाही, तिला कापायचं नाही, तिचा प्रकार बदलून ती पुसायची नाही. बाकी प्रत्येक रूप तिच्यापासूनच काढायचं. ग्रुपसाठी जेपीजी. संकेतस्थळासाठी वेबपी. कटआऊटसाठी पीएनजी. फ्लेक्ससाठी चार शाईंची प्रत वेगळी करायची, कारण गुलालाचा भडक गुलाबी त्या शाईंत पुरता उतरतच नाही, आणि एकदा त्या शाईंत बसवलेला रंग पडद्यासाठी परत आणला तरी मंदच राहतो. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ ही अक्षरं तर फोटोत मिसळूच नयेत. डिझायनरच्या कोरल फाईलमध्ये किंवा पीडीएफमध्ये ती रेषांच्या रूपात राहिली तर हातभर छापा की इमारतीएवढी, अनुस्वार जागेवरच राहील. फाईल दुसऱ्या मंडळाला द्यायची झाली तर व्हॉट्सॲपवरही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवता येते, मग तिला कोणी हात लावत नाही.

मोडी कागद तर फार जपायला हवेत. डोंगरावर आणि पंचक्रोशीत ज्यांच्या घरी जुनी दप्तरं आहेत, मानाचे कागद आहेत, ते आता फोनने फोटो काढून ठेवू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण बोरूची बारीक ओढ जुन्या पिवळ्या कागदावर उमटलेली असते आणि तीच जेपीजीच्या चौकोनांत मोडते. मोडीत एका ओढीने अक्षर बदलतं. असे कागद स्कॅन करून टिफमध्ये ठेवावेत, काहीही न टाकणाऱ्या पद्धतीने. १९८६ पासूनचा हा प्रकार जड आहे, ग्रुपवर चालत नाही, पण ग्रंथालयं आणि अभिलेखागारं जतनासाठी त्यावर भरवसा ठेवतात. वाचायला देण्यासाठी त्याच टिफवरून हलका जेपीजी काढता येतो. उलटा प्रवास होत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: एवढं सांभाळणार कोण आणि जागा कुठली? एका मंडळाने यात्रेत पाचशे फोटो काढले आणि प्रत्येक पाच एमबीचा धरला तर अडीच जीबी होतात. सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा वर्षांच्या यात्रा मावतात. दोन पेनड्राइव्ह घ्यावेत, दोन वेगळ्या घरी ठेवावेत. माणसाचं म्हणाल, तर मंडळाची जमाखर्चाची वही कोणाकडे तरी असतेच. त्याच्याकडेच हेही सोपवावं. सुरुवातीसाठी चैत्राची वाट पाहायला नको. माघातल्या खेट्यांना, पहिल्या रविवारी चालत जाताना काढलेले फोटो आधी त्या ड्राइव्हवर उतरवावेत आणि मगच ग्रुपवर टाकावेत.