जहाजावरचा हातखर्च

"वैनी, हडगिन्याग रोक्क नडियंगिल्लेनु?" शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून विचारलं. जहाजावर रोख पैसे चालतच नाहीत, हे त्यांना काही केल्या पटेना. खरं सांगायचं तर मलाही आधी पटलं नव्हतं. चहाच्या टपरीपासून देवाच्या दारापर्यंत जिथे तिथे चालणारी नोट जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला की निरुपयोगी होते, हे ऐकून मी पर्स घट्ट धरली होती.

झालं असं, की देवासच्या आमच्या वन्संचे यजमान, म्हणजे अण्णा, गेल्या वर्षी सत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या थोरल्या मुलाने, माझ्या भाच्याने, त्यानिमित्त मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. तीन रात्री, दहा माणसं. आमच्या घरात पहिली प्रतिक्रिया आली ती "गोव्याला? जहाजानं?" अशी. बेळगावच्या माणसाला गोवा म्हणजे चोर्ला घाटातून तीन तास. सकाळी निघावं, मासे खावेत, रात्री घरी यावं. त्यासाठी आधी मुंबई गाठायची आणि मग समुद्रातून उलटं यायचं, म्हणजे द्राविडी प्राणायामच की! पण भाच्याने हौसेनं काढलेली तिकिटं, नाही कसं म्हणणार?

तिकिटांचे पैसे त्याने भरले, तेव्हा सगळ्यांना वाटलं विषय मिटला. तो तिथून सुरू झाला.

दिवाळीच्या सुटीत आम्ही देवासला गेलो. आपल्याकडे देवास म्हटलं की कुमार गंधर्व आठवतात. इथल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेलं कोमकाळीमठांचं हे पोर १९४८ साली क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी देवासला गेलं आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वासही त्यांनी तिथेच घेतला. आमच्या वन्संसुद्धा लग्न होऊन गेल्या त्या तिथल्याच झाल्या. अण्णा बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. १९७४ पासून देवासला नोटा छापल्या जातात. त्यामुळे "अण्णा, तुम्हाला काय कमी, छापून घ्या चार" हा विनोद या माणसाने आयुष्यभर ऐकला. प्रत्यक्षात त्यांच्याइतका मोजून खर्च करणारा माणूस मी पाहिलेला नाही. रोज कोटींनी नोटा डोळ्यांसमोरून जायच्या, त्यामुळे कागदाचं कौतुकच राहिलं नाही, असं ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर थोरल्याने फोनवरून सगळी माहिती वाचून दाखवली. तिकिटात काय येतं? खोली, मुख्य भोजनगृहातलं दोन्ही वेळचं जेवण आणि नाश्ता, नाटकगृहातले खेळ, पोहण्याचा तलाव. आणि काय येत नाही? थंड पेय, दारू, खास उपाहारगृहातलं जेवण, इंटरनेट, मालिश, फोटो, दुकानातली खरेदी, कॅसिनो आणि बंदरावर उतरून जे काय फिराल ते. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. अनामत भरायची नाहीतर क्रेडिट कार्ड जोडायचं. कार्ड दाखवत जायचं, शेवटच्या रात्री बिल.

"मग माझं कार्ड जोडतो सगळ्यांना," थोरला म्हणाला. "कुणी विचार नका करू."

मलाही ते बरोबर वाटलं. ज्याला देवाने दिलंय त्याने द्यावं, त्यात काय एवढं? पण धाकट्याची मान खाली गेली, ती मी पाहिली.

धाकटा भाचा धारला असतो. त्याचं बाग प्रिंटच्या साड्या-चादरींचं छोटं दुकान आहे. लाल-काळ्या ठशांचं हे कापड धार जिल्ह्यातल्या बाग गावचं, रंग पक्का, नक्षी देखणी, पण धंदा उधारीचा. सकाळी मागच्या अंगणात धाकटी सून कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मामी, खरं सांगू का? दादाजींच्या कार्डावर आमचं पोर आईस्क्रीम खाणार, म्हणजे ह्यांच्या घशाखाली घास नाही उतरायचा. मी भिशी उचलते या महिन्यात. आमचा खर्च आम्ही करू." भिशी तिने मुलाच्या शाळेच्या फीसाठी लावलेली. मला माहीत होतं.

आता देवास हे गाव असं आहे, की तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती हे शब्द जपून वापरावे लागतात. पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांनी गाव वाटून घेतलं. एकाच शहरात दोन संस्थानं, दोन राजे, दोन दरबार. हे १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत चाललं. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सरकारं, याचं फारसं नवल वाटायला नको म्हणा.

अण्णांना हा इतिहास तोंडपाठ. त्यांनी थोरल्याला ऐकवलं, की या गावात बजेट न केल्याने राज्य गेलेलं आहे. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. माणूस रसिक आणि दिलदार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचा खासगी चिटणीस होता. नवा राजवाडा एकीकडून बांधला जातोय आणि दुसरीकडून पडतोय, असं त्याने तेव्हा पाहिलं आणि पुढे १९५३ च्या पुस्तकात छापलंही. कर्ज इतकं झालं, की १९३३ मध्ये महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. "तेव्हा कार्ड जोडण्याआधी वही आणा," अण्णा म्हणाले.

वही आली. पण आकडा काय लिहायचा? दहा माणसांपैकी जहाजावर कुणीच चढलेलं नव्हतं. तेव्हा वन्संनी सुचवलं, की आधी मांडूला जाऊ. तिथे जहाज आहेच!

हे जहाज दगडाचं आहे. धारपासून साधारण पस्तीस किलोमीटरवर, मांडवगडाच्या पठारावर, मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे सुमारे १२० मीटर लांबीचा दुमजली जहाज महाल उभा आहे. गियासुद्दीन खिलजीच्या, म्हणजे १४६९ ते १५०० या काळातला. पावसाळ्यानंतर दोन्ही तलाव भरलेले असले, की गच्चीवरून खरंच बोटीत उभं असल्यासारखं वाटतं. या सुलतानाच्या जनान्यात पंधरा हजार बायका होत्या, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या हातखर्चाचा हिशेब कोण ठेवत असेल, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

निघताना प्रत्येकाच्या हातात तीनशे रुपये दिले. लहान-थोर सगळ्यांना सारखे. अट एकच, आज दिवसभरात जे काही घ्यायचं ते यातूनच. संध्याकाळी धारला धाकट्याच्या घरी हिशेब.

काय सांगू! धाकट्याच्या मुलाचे पैसे सकाळी अकराच्या आत संपले, दोन थंड पेयं आणि एक प्लॅस्टिकचं धनुष्य. थोरल्याची मुलगी दुपारी बाबांकडे हळूच आणखी शंभर मागताना सापडली. आमच्या ह्यांनी खुरासानी चिंच घेतली. मांडूला गोरखचिंचेची अजस्र झाडं आहेत आणि तिची दुधीभोपळ्याएवढी फळं रस्त्याकडेला विकायला असतात. ती फोडायची कशी हे मात्र विचारलं नाही. अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. अण्णांनी तीनशेच्या तीनशे परत केले. वन्संनीही. "मला काय लागतं?" हे त्यांचं नेहमीचं.

आणि धाकट्या सुनेचं पाकीट रिकामं होतं. तिने स्वतःसाठी काहीही घेतलेलं नव्हतं. सगळ्यांना सीताफळं, सगळ्यांना पाणी, पोरांना बिस्किटं, परत निघताना चहा. जो तो "अगं दे ना" म्हणत होता आणि ती देत होती. जहाजावर हेच झालं असतं आणि भिशीचे पैसे पहिल्या संध्याकाळीच गेले असते.

म्हणून वहीत दोन खाती पडली. पाणी, वाटेतला चहा, गोव्यातली गाडी, औषधं, हमालाला द्यायचे, हे सगळं सामाईक बटव्यातून. आणि ज्याचं त्याचं पाकीट वेगळं. पाकिटातून दुसऱ्यासाठी खर्च करायचा नाही, अगदी नातवासाठीही नाही. ही शेवटची ओळ मी लिहायला लावली आणि आजी-आजोबांनी तिला विरोध केला. मी ऐकलं नाही.

आता पैसे कुणी किती घालायचे? थोरला म्हणाला मी, धाकटा म्हणाला मी माझे. तेव्हा वन्सं उठल्या, खणाची जुनी पिशवी आणली आणि देवघराच्या खुंटीला अडकवली. "देवासहून निघेपर्यंत ज्याला जमेल तितके यात टाका. कुणी कुणाला विचारायचं नाही, मोजायचे मीच." त्यांच्या बेळगावच्या आजीच्या घरी लग्नकार्याला अशीच पिशवी असायची म्हणे. आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' म्हणतात, कानडीत 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. पण एकाच सतरंजीवर दोन भावांचे पाय असले, की कुणाचं अंथरूण कुठे संपतं ते दिसू नये, एवढीच त्या पिशवीची करामत.

पिशवीत निघाले ३१,५०० रुपये. कुणाचे किती, हे आजही मला ठाऊक नाही. ६,५०० बटव्यात गेले, उरलेल्या २५,००० ची दहा पाकिटं, प्रत्येकी २,५००. थोरल्याने अनामत भरून प्रत्येक कार्डाला तेवढीच मर्यादा घालून घेतली. ती सोय जहाजावरच्या काउंटरवर मागितल्यावर मिळाली, आपण होऊन कुणी सांगितली नाही. भिशी जागच्या जागी राहिली.

चढताना पहिला धक्का वन्संना बसला. लाडू, चिवडा आणि दोन किलो रतलामी शेव तपासणीत अडली, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. जुन्या कोकणबोटीच्या डेकवर भाकऱ्या सोडून बसणाऱ्या पिढीला हे कसं कळावं? शेव नेऊ नका, ओकारीच्या गोळ्या न्या. पहिल्या रात्री सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

दुसरा फटका आमच्या घरचा. किनारा दूर गेला की आपलं नेटवर्क जातं, पण फोन जहाजाचं महागडं नेटवर्क आपोआप पकडू शकतो. ह्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाकलाच नाही. नंतर आलेल्या बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण हे अंक वाचतात. तिसरं म्हणजे तिकिटाच्या रकमेत बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क धरलंय का, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आमच्यात कुणी विचारलं नव्हतं आणि दर माणशी सेवाशुल्क शेवटच्या बिलात निघालं. बटव्यातले उरलेले पैसे त्यात गेले.

मुलांचं म्हणाल तर मांडूची शिकवणी कामी आली. नातवाने पहिल्या दिवशी कार्डावर किती उरले ते तीनदा काउंटरवर जाऊन विचारलं. धाकट्या सुनेने आयुष्यात प्रथमच एकटीने बसून कॉफी प्यायली, समुद्राकडे तोंड करून. कुणाला विचारलं नाही, कुणाला दिली नाही. मी लांबून पाहिलं आणि जवळ गेले नाही.

शेवटच्या रात्री बिलं आली. अण्णांनी चष्मा पुसला, भिंग काढलं आणि दहाही कागद छपाईच्या तावासारखे तपासले. एक थंड पेय आम्ही न घेतलेलं निघालं. काउंटरवर जाऊन त्यांनी ते रद्द करून आणलं, तेव्हा त्यांचा चेहरा नोकरीतल्या दिवसांसारखा झाला होता.

मग त्यांनी वन्संचा कागद उचलला आणि थांबले. आम्ही सगळे मान लांब करून पाहू लागलो. मांडूला एक रुपयासुद्धा खर्च न केलेल्या बाईच्या खात्यावर एकच ओळ होती. पायांचं मालिश, २,४५० रुपये.

"अगं, सांगितलं नाहीस?" अण्णा म्हणाले.

"पाकीट ज्याचं त्याचं, असं वहीत लिहिलंय," वन्सं म्हणाल्या. "चाळीस वर्षं टेकडीच्या पायऱ्या चढतेय. आणि पन्नास रुपये उरलेत हं अजून माझे."