जागा आपली, जाहिरात कोणाची? छोट्या वेबसाईटवर मागच्या दाराने येणारा सट्टा

दहावीच्या सराव परीक्षा सुरू होत्या. संध्याकाळी घरी आलो आणि एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. त्यांचे मिस्टर वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला असतात. घरात दोन मोबाईल, एक त्यांच्यासोबत कंपनीत जातो, एक घरी राहतो. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही नोट्सची लिंक दिली म्हणून मी पोराच्या हातात मोबाईल दिला. आता बघितलं तर त्यात क्रिकेटवर पैसे लावायचा खेळ उघडलेला. पोरगा म्हणतो, सरांच्याच वेबसाईटवरून आला. खरं आहे का हे?"

मी ताडकन "नाही" म्हणालो. दहा वर्षांपासून वर्गात शिकवतोय, दोन वर्षांपासून मुलांसाठी छोटीशी वेबसाईट चालवतोय. त्यावर बीजगणिताची सोडवलेली उदाहरणं, उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठीची उत्तरं, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची माहिती, एवढंच. त्यावर सट्टा कुठून येणार? लॅपटॉपवर वेबसाईट उघडून पाहिली, सगळं ठीक होतं. मुलगा स्वतःची चूक माझ्यावर ढकलतोय, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपमधून तीच लिंक उघडली. पान उघडलं, वाचायला म्हणून बोट लावलं आणि सरळ पैशाच्या खेळाचं पान समोर आलं. "पहिल्या खेळासाठी ५०० रुपये बोनस." मुलगा खरं बोलत होता. त्याने मोबाईल नंबर टाकून खातंही उघडलं होतं. सुदैवाने पैसे गेले नव्हते, पण त्या माउलीच्या नंबरवर "पैसे भरा, दुप्पट मिळवा" असे मेसेज सुरू झाले होते.

हा प्रसंग सांगायला लाज वाटते. तरी सांगतोय, कारण आपल्या समाजात आज बरेच जण वेबसाईट चालवतात. कोणी नमाजच्या वेळा देतो, कोणी नोकरीच्या जाहिराती, कोणी शिकवणीच्या नोट्स, कोणी मोहल्ल्याच्या बातम्या. माझ्याकडे जे झालं ते यांच्यापैकी कुणाकडेही होऊ शकतं.

दोष सापडला कसा

वेबसाईटवर जाहिरात दाखवण्यासाठी मी एक फुकट प्लगइन बसवलं होतं. प्लगइन म्हणजे वेबसाईटला जोडायचा तयार छोटा प्रोग्राम. कुठल्या परिच्छेदानंतर जाहिरात दिसावी, एवढंच त्याचं काम. बसवलं आणि विसरून गेलो. अपडेट आपोआप होत राहिले.

शोध सुरू केला तेव्हा आधी सगळी माहिती बाजूला कॉपी करून ठेवली. मग सगळे प्लगइन बंद केले, तरी मोबाईलवर तेच पान उघडत राहिलं. यात माझा अख्खा रविवार गेला. पुढे लक्षात आलं, वेबसाईट लवकर उघडावी म्हणून पानांची साठवलेली जुनी प्रत मोबाईलला मिळत होती. ती साठवण, म्हणजे कॅशे, रिकामी केली आणि सट्टा गायब झाला. मग एकेक प्लगइन चालू करत गेलो. दर वेळी कॅशे रिकामी करायची, मोबाईलच्या डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडायचं. जाहिरातीचं प्लगइन चालू केलं आणि पुन्हा तेच.

त्याच्या सेटिंगमध्ये, पानाच्या तळाशी टाकायच्या कोडमध्ये, मी कधीही न लिहिलेली एक ओळ होती. ती दुसऱ्याच पत्त्यावरून एक प्रोग्राम आणत होती. तो प्रोग्राम आधी बघायचा: वाचक मोबाईलवर आहे का? बाहेरच्या लिंकवरून आलाय का? वेबसाईटचा मालक तर नाही ना? तिन्ही उत्तरं सोयीची असली तरच तो वाचकाला पळवून न्यायचा, तेही दिवसातून एकदाच. म्हणून मला लॅपटॉपवर, मालक म्हणून लॉगिन असताना, काहीच दिसलं नव्हतं. मी तपासत होतो ते माझ्यासाठी स्वच्छ ठेवलेलं पान होतं.

प्लगइन नुसतं बंद न करता काढून टाकलं. वापरकर्त्यांच्या यादीत एक अनोळखी प्रशासक सापडला, तोही काढला. सगळे पासवर्ड बदलले.

हे एकट्याचं दुखणं नाही

मला आधी वाटलं, मी मास्तर माणूस, कॉम्प्युटरमधलं आपल्याला काय कळतं, म्हणून फसलो. पण जगातले प्रकार बघितले तर मोठमोठे फसलेले दिसतात.

वर्डप्रेस या प्रणालीवर जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाईट चालतात. तिच्यासाठी 'डिस्प्ले विजेट्स' नावाचं एक लोकप्रिय प्लगइन होतं, सुमारे दोन लाख वेबसाईटवर बसवलेलं. २०१७ मध्ये मूळ मालकांनी ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून असा कोड घुसवला की वेबसाईटवर परस्पर मजकूर टाकता यावा, आणि लॉगिन केलेल्या मालकाला तो दिसू नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसने ते आपल्या यादीतून कायमचं काढलं. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी ते अपडेट होऊन गेलं होतं.

दुसरा प्रकार २०२४ चा. 'पॉलिफिल' नावाची एक सेवा जुन्या ब्राउझरवर वेबसाईट नीट चालावी म्हणून वापरली जायची. तिचा वेबपत्ता त्या वर्षी फेब्रुवारीत एका चिनी कंपनीकडे गेला. जूनमध्ये सुरक्षा तज्ज्ञांनी उघड केलं की या पत्त्यावरून येणारा कोड मोबाईलवरच्या वाचकांना सट्ट्याच्या वेबसाईटकडे वळवतोय. एक लाखाहून जास्त वेबसाईट त्यावर अवलंबून होत्या. तिथेही वेबसाईटचा प्रशासक ओळखून त्याच्यापासून लपण्याची सोय होती.

आपल्या देशातही त्याच वर्षी सरकारी वेबसाईटच्या चार डझनांच्या आसपास लिंक सट्ट्याच्या पानांकडे नेत असल्याचं बातम्यांमधून समोर आलं. त्यात शेजारच्या गोव्यासह बिहार, कर्नाटक, केरळ, तेलंगणा अशा राज्यांच्या वेबसाईट होत्या. लोक सरकारी नाव बघून विश्वासाने येतात, आणि चोराला हाच विश्वास हवा असतो. शाळेच्या सरांची लिंक, मशिदीच्या वेळापत्रकाची लिंक, सरकारी लिंक, आपण हे पत्ते डोळे झाकून उघडतो.

जाहिरात येते कुठून

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. माझ्याकडे झाली ती उघड चोरी होती. पण चोरी नसतानाही नको ती जाहिरात पानावर येऊ शकते.

वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर माणूस कार्यालयात जातो, मजकूर दाखवतो, पैसे भरतो. संपादकाला ती आधी दिसते. वेबसाईटवर तसं होत नाही. वाचकाने पान उघडलं की त्या रिकाम्या चौकटीचा क्षणार्धात लिलाव होतो. वाचक कुठल्या शहरात आहे, मोबाईल कोणता आहे, आधी काय शोधलं, यावर बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. त्यामुळे एकाच पानावर मला पुस्तकाची जाहिरात दिसते आणि माझ्या विद्यार्थ्याला झटपट कर्जाची.

मराठी आणि उर्दू वेबसाईटना हा मार्ग उशिरा खुला झाला. गुगलच्या ॲडसेन्स सेवेत हिंदीला जागा मिळाली २०१४ मध्ये, त्यानंतर इतर भारतीय भाषांसोबत मराठी आणि उर्दूही आल्या. पण तिथे १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. दिवसाला शंभर-दोनशे वाचक असलेल्या वेबसाईटला तेवढं जमायला वर्ष उलटू शकतं. मग माणूस जास्त पैसे देऊ म्हणणाऱ्या अनोळखी जाहिरात कंपन्यांकडे वळतो, फुकटचं प्लगइन शोधतो. घसरण इथून सुरू होते.

कायदा काय सांगतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव त्याच महिन्यात उतरलं, एवढा त्याचा परिणाम झाला.

पण जर्सीवरचं नाव सगळ्यांना दिसतं, म्हणून ते उतरवता येतं. परदेशात बसून रोज वेबपत्ता बदलणाऱ्याचं काय? त्याचा समोरचा दरवाजा बंद झाला की तो आपल्यासारख्यांच्या वेबसाईटची खिडकी शोधणार. कायदा कडक झाल्यावर छोट्या वेबसाईटचा धोका वाढण्याची शक्यता मला म्हणूनच जास्त वाटते. उद्या विचारणा झाली तर "मला माहीत नव्हतं" हे आपल्याला सिद्ध करत बसावं लागेल.

आयांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. म्हणून मुलगा अडकला तर बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण बहुतेक तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. शिवाय कायद्याला मूल दिसतं, आपल्या घरात मात्र मूल आईच्या नावाचा मोबाईल वापरतं. लिलाव करणाऱ्या यंत्राला तो पंधरा वर्षांचा मुलगा आहे हे कळणार कसं?

वेबसाईट चालवणाऱ्यांनी काय करावं

आपली वेबसाईट आठवड्यातून एकदा परक्यासारखी उघडून बघा. दुसऱ्याचा मोबाईल, मोबाईलचाच डेटा, लॉगिन न करता, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून आणि गुगलवर शोधूनही. वाचकाने तक्रार केली तर "माझ्याकडे तर दिसत नाही" हे उत्तर देऊ नका. मी तेच दिलं होतं.

प्लगइन कमीत कमी ठेवा. वापरात नसलेलं बंद करून ठेवू नका, काढून टाका. मालक बदललाय का, शेवटचं अपडेट कधीचं आहे, लोकांनी अलीकडे काय तक्रारी लिहिल्यात, हे वाचा. पैसे देऊन घ्यायचं प्लगइन कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. त्यात बहुधा कुणाची तरी ओळ आधीच लिहिलेली असते.

जाहिरात कंपनीच्या खात्यात वर्गवारीनुसार जाहिराती अडवायची सोय असते. जुगार, डेटिंग, झटपट श्रीमंती, काळी जादू, ज्योतिष असे प्रकार तिथे बंद करता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, पण बरेच जण त्या पानावर कधी जातच नाहीत. आपण व्याजाला आणि जुगाराला हराम म्हणतो आणि आपल्याच लेखाखाली त्याची पाटी लावून चार पैसे घेतो, हे शोभत नाही. तसंच 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाची फाईल बघा. आपली जागा विकण्याची परवानगी कोणाला आहे, याची ती यादी असते. २०१७ पासून ही पद्धत आहे. तिच्यात अनोळखी नाव दिसलं तर चौकशी करा.

आणि एक जुना, साधा मार्ग आहे. मी आता बजाजनगरातल्या एका स्टेशनरी दुकानाची जाहिरात लावली आहे. महिन्याला ३०० रुपये. एक चित्र, दुकानाचं नाव आणि पत्ता. त्यात कोड नाही, लिलाव नाही, पाळत नाही. दुकानदार मला ओळखतो, मी त्याला ओळखतो. दोन वर्षांत त्या प्लगइनने जेमतेम होस्टिंगचा खर्च काढून दिला होता, तेवढा यातूनही निघतो.

घरच्यांनी काय करावं

मुलाच्या मोबाईलवर नको ते पान दिसलं की आधी ओरडू नका. "कुठून उघडलं?" एवढं शांतपणे विचारा आणि स्क्रीनशॉट काढा. लिंक देणाऱ्याला, तो शिक्षक असो की मौलाना, मोकळेपणाने कळवा. तशा पानावर नंबर, ओटीपी, यूपीआयचा पिन काहीही टाकू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या पालकसभेत मी हा प्रकार सगळ्यांसमोर सांगितला. त्या विद्यार्थ्याला उभं करून म्हणालो, "हा खरं बोलत होता, चूक माझ्या वेबसाईटची होती." त्याची आई मागच्या बाकावर बसली होती. सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सर, परवापासून त्याला मी मोबाईल दिलाच नव्हता. आता देते."

तो परत नोट्स वाचायला लागलाय. आणि मी दर शुक्रवारी सहकाऱ्याचा मोबाईल मागून माझी वेबसाईट उघडून बघतो.