दोन नावांवरचा ठपका

इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा एक ग्रंथ हाती लागला. तो ऐकून राजा योशीया हादरला. देवाचा कौल घ्यायला त्याने पाच जणांना पाठवले आणि ते गेले हुल्दा या संदेष्टीकडे. हुल्दा हे बिळात राहणाऱ्या एका छोट्या प्राण्याचे नाव. कोणी तो मुंगसाच्या जातीचा मानतात, कोणी घुशीच्या. तिच्या दारी आलेल्या पाच जणांत शाफान नावाचा राजलेखक होता आणि अखबोर नावाचा दरबारी. शाफान म्हणजे कडेकपारीत राहणारा सशाएवढा प्राणी, अखबोर म्हणजे चक्क उंदीर.

पुढे शेकडो वर्षांनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘मगिल्ला’ या भागात रब्बी नहमान यांचे एक मत नोंदले गेले. गर्व बायकांना शोभत नाही, दोन बायका गर्विष्ठ निघाल्या आणि दोघींची नावेही ओंगळ होती, असा त्याचा आशय. एक दबोरा, म्हणजे मधमाशी, दुसरी हुल्दा. दबोराचा अपराध काय, तर सेनापती बाराकाकडे ती स्वतः गेली नाही, त्याला बोलावून घेतले. हुल्दाचा अपराध हा की निरोप देताना तिने योशीयाला ‘राजा’ न म्हणता ‘तो माणूस’ म्हटले. पण त्याच प्रसंगातल्या शाफान आणि अखबोर यांच्या नावांवर मात्र बोट ठेवलेले नाही.

हा अन्याय आहे, आणि तो फक्त दोन बायकांवरचा नाही. हिब्रू स्त्रीनावांचा अर्थ आपण आजही कसा लावतो, याच्या मुळाशी तोच आहे. राहेल म्हणजे मेंढी, याएल म्हणजे रानबकरी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, तामार म्हणजे खजुरीचे झाड, हदस्सा म्हणजे मेंदीसारखे एक सुवासिक झुडूप. ही गुरे राखणाऱ्या, डोंगर-वाळवंटाच्या कडेने राहणाऱ्या लोकांची नावे आहेत. कळप हीच त्यांची दौलत होती. तिथे मुलीला मेंढी म्हणणे हा तिचा मान होता. नावांच्या याद्यांत मात्र राहेलपुढे ‘कोकरासारखी निरागस’ असे काहीतरी लिहिलेले दिसते. बापाचे कळप रानात नेणारी ही मुलगी त्या एका शब्दात हरवते. याएलने तंबूची मेख ठोकून सीसरा या सेनापतीला ठार केले. तिच्या नावाला नाजूक अर्थ चिकटवणे तर आणखी चूक. मिर्यामपुढे ‘कडवट’ असे ठामपणे छापतात, पण ते नाव मुळात मिसरी असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

बायबलमध्ये मुलांची नावे बापांपेक्षा आयाच जास्त वेळा ठेवतात, हेही फारसे कोणी सांगत नाही. लेआने आपल्या सहा मुलांची नावे ठेवली आणि प्रत्येक नावाचे कारण बोलून दाखवले. तिच्या बोलण्यातून तिचे दुःख, तिची आशा आपल्यापर्यंत पोचते. सातवे अपत्य मुलगी झाली. तिचे नाव दीना. न्याय या अर्थाच्या धातूशी जोडलेले. तिथे कारणाचा एक शब्दही नाही. निदान नाव तरी उरले. शमशोनाच्या बापाचे नाव मानोहा हे आपल्याला ठाऊक आहे. देवदूत जिच्याशी आधी बोलला त्या त्याच्या आईचे नाव बायबलमध्ये कुठेच नाही.

बाईच्या नावाचा अर्थ दुसऱ्यांनी ठरवला की तो कुठवर जातो, याचा दाखला विसाव्या शतकातला आहे. सारा म्हणजे अधिकार चालवणारी, राजकुलीन स्त्री. १७ ऑगस्ट १९३८ च्या नाझी फर्मानाने, सरकारी यादीत बसणारे नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू बाईला १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला ‘सारा’ जोडणे सक्तीचे केले. अब्राहामाच्या पत्नीचे नाव त्यांनी डाग म्हणून वापरले. ज्यूंनी ते नाव टाकले नाही, आजही त्यांच्या मुली अभिमानाने ते लावतात.

आपल्याकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजानेही अशी नावे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या जपली. स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव अलिबागजवळच्या गावाचे, आणि नाव यहूदा राज्याच्या एका राजमातेचे. जेरुशा म्हणजे वारसा, ताबा.

वारशावरून सलाफहादाच्या पाच मुली आठवतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप मुलगा नसताना वारला, म्हणून त्याचे नाव का पुसायचे, आम्हाला जमीन द्या, असे त्यांनी मोशेला आणि साऱ्या मंडळीला तोंडावर विचारले आणि हक्क मिळवला. त्यांची पाचही नावे बायबलमध्ये एकदा नव्हे, अनेकदा येतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इस्रायलमध्ये मुलींना सर्वाधिक ठेवल्या गेलेल्या नावांत नोआ होते, आणि आता मराठी घरांतही सारा, इवा यांसारखी नावे सहज ऐकू येतात. ती जरूर ठेवा, पण अर्थाच्या रकान्यावर थांबू नका. त्या नावाची बाई कोण होती, ती काय बोलली, तिने काय मिळवले, हे आधी वाचा आणि मुलगी मोठी झाली की तिलाही सांगा. नोआ ठेवणार असाल तर ‘गणना’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघडा.