स्टेपनी खरं बोलते का?

वीकेंडचा प्लॅन म्हणून नगरचं नाव पटकन कुणी घेत नाही. लोक नगरवरून जातात, नगरला थांबत नाहीत. पण गाड्यांचं थोडं जरी वेड असेल, तर पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवरचं हे शहर (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर) एकदा तरी करायलाच हवं. १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम इथलंच. रणगाड्यांच्या त्या गर्दीत रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली एक चिलखती गाडीही उभी आहे. गाड्यांच्या चाचण्या घेणारी डीआरडीओची संस्था, व्हीआरडीई, तीही इथलीच. थोडक्यात, चाकांच्या बाबतीत नगरकरांना शिकवायला जाऊ नये!

आता समजा, म्युझियम बघून झालं आणि कुणाच्या तरी ओळखीनं तुम्ही राहुरीकडच्या एका शेडमध्ये पोहोचलात. ताडपत्री बाजूला झाली. खाली १९६८ची फियाट ११००. तुमचा जीव तिथंच अडकला. आणि मालकांनी डिकी उघडून हुकमाचं पान टाकलं, “सायेब, सगळं ओरिजिनल हाये. स्टेपनीसुद्धा कंपनीचीच. हात लावलेला नाय कुणी.” या एका वाक्यावर किंमत वर सरकते. तुम्ही पडलात नोकरदार, डोक्यावर आधीच ईएमआय. तेव्हा मान डोलावण्याआधी ती स्टेपनी डिकीतून बाहेर काढा, उजेडात आणा आणि वाचा. हो, वाचा. टायर हा वाचायचा प्रकार आहे.

त्याआधी शब्दाचा छोटासा किस्सा. पूर्वीच्या मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या. पंक्चर झालं की रस्त्यावर बसून दुरुस्ती. मग १९०४च्या सुमारास वेल्समधल्या लानेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर एक जादा चाक तयार झालं. त्याला आरे नव्हते, ते बसलेल्या चाकाला बाजूनं चिकटवायचं आणि घर गाठायचं. गल्लीचं नाव चाकाला मिळालं. साहेब तो शब्द विसरून ‘स्पेअर’ म्हणायला लागला, आपण मात्र स्टेपनी सोडली नाही. यातून एक गोष्ट कळते. त्या अगदी सुरुवातीच्या काळातली गाडी असेल, तर तिच्यासोबत कंपनीची स्टेपनी मुळात असेलच असं नाही.

आपण फियाटकडे वळू. फंडा एकदम सोपा आहे : स्टेपनीवर गाडीच्या जन्मानंतरचं काहीही दिसलं, की केस खलास.

पहिलं बघा साइज. या फियाटचा टायर ‘५.२०-१४’, त्या काळातल्या अॅम्बॅसेडरचा ‘५.९०-१५’. इंचातला आकडा आणि मध्ये आडवी रेघ, म्हणजे जुना क्रॉस-प्लाय टायर. त्या रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असेल, तर तो रेडियल. आपल्याकडे रेडियल टायर बनायला लागले ते १९७७मध्ये, जे. के. टायरपासून. १९६८च्या फियाटमध्ये देशी रेडियल स्टेपनी म्हणजे आजोबांच्या मुंजीच्या फोटोत मोबाइल!

दुसरं, कंपनीचं नाव. डनलॉपचा हुगळीजवळचा साहागंजचा कारखाना १९३६चा. सिएट भारतात आली १९५८ला. एमआरएफ आधी फुगे बनवायची, टायरमध्ये उतरली १९६१ला, अमेरिकेतल्या मॅन्सफील्ड कंपनीच्या साथीनं. त्यामुळे जुन्या एमआरएफवर ‘मॅन्सफील्ड’ हे नाव दिसलं तर दचकू नका, उलट खूश व्हा. अपोलोचे टायर मात्र १९७७पासूनचे. तेव्हा १९६८च्या गाडीत अपोलोची स्टेपनी असेल, तर ती नंतर आलेली आहे. विषय संपला.

तिसरं, तारीख. टायरच्या कडेला लंबगोलात शेवटी चार आकडे असतील, तर तो २००० सालानंतरचा. ‘२३०९’ म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर तो त्याआधीचा. पण इथं गोची आहे. ‘२३८’ म्हणजे आठनं संपणाऱ्या वर्षाचा तेविसावा आठवडा. ते वर्ष १९७८, ८८ की ९८, हे आकडा सांगत नाही. आणि ही पद्धत सुरू झाली अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. त्यामुळे १९६८च्या देशी टायरवर असा आकडा नसणं हेच बरोबर.

चौथं, रिम. लोक टायर बघतात आणि रिम विसरतात. टायर बदलतो, रिम सहसा राहते. बोल्टची भोकं, मधला फुगवटा, मागच्या बाजूचा रंग बाकीच्या चार चाकांशी ताडून बघा. गाडी दोनदा रंगवली असेल, तरी डिकीतल्या रिमच्या आतल्या बाजूला जुना रंग शाबूत असू शकतो. टायर खोटा निघाला आणि रिम खरी निघाली, तरी तुमची फेरी फुकट गेली नाही.

पाचवं, झीज. इथं भले भले फसतात. कोरी करकरीत, रबराचे बारीक केस अजून अंगावर असलेली स्टेपनी बघून वाटतं, वा, कधी वापरलीच नाही! वापरली नसेलही. पण ती परवा विकत आणलेली असू शकते. जुन्या धाटणीचे टायर आजही नव्यानं बनतात. अमेरिकेतली कोकर ही कंपनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. याउलट पूर्वी बरेच लोक पाचही टायर आलटून पालटून वापरायचे. त्यामुळे बाकीच्या चौघांसारखीच झिजलेली, त्याच कंपनीची, त्याच नक्षीची स्टेपनी जास्त विश्वासाची. नक्षीच्या कडेला जोड दिसला, तर समजा टायर रिमोल्ड केलेला आहे. सांगाडा जुना, वरचं रबर नवं.

आणि सगळ्यात स्वस्त पुरावा घरातच असतो : फोटो. लग्नाची वरात, शिर्डीची ट्रिप, बारशाला आलेले पाहुणे. मालकांकडे अल्बम मागा. जीपची स्टेपनी तर बाहेरच लटकलेली असते, ती फोटोत आपोआप येते.

एवढं करून स्टेपनी ओरिजिनल निघाली, तर काय सिद्ध झालं? खरं सांगायचं तर, फार काही नाही. स्टेपनी ही गाडीतली सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू. दुसऱ्या गाडीची जुनी स्टेपनी या डिकीत टाकायला पाच मिनिटं पुरतात. ती खोटी निघाली, तर मालकांच्या ‘सगळं ओरिजिनल’ला तडा जातो. खरी निघाली, तर बाकीची गाडी तपासायची बाकीच असते. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी त्यात बसते. मूळ रूपात म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. भर आहे तो यांच्यावर, टायरवर नाही. तेव्हा जास्तीचे पैसे मोजायचे, तर चासी आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी जुळले म्हणून मोजा. डिकीतल्या चाकासाठी नको.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ऊन, हवा आणि वर्षं, तिघं मिळून त्याला आतून कडक करतात. वरून नक्षी झकास दिसते आणि वेगात असताना टायर फुटतो. मिशेलिनसारख्या कंपन्याच सांगतात, दहा वर्षं झाली की टायर बदला, आणि त्यात स्टेपनीही आली. म्हणजे ती जितकी खरी, तितकी ती गाडीला लावायला नालायक! ओरिजिनल स्टेपनी मिळाली, तर पुसून, सावलीत, दिमाखात ठेवा, मित्रांना दाखवा. पण गाडी घेऊन नगर-पुणे रस्त्याला लागण्याआधी पाचही टायर नवे घाला.

मालकांना राग येणार नाही. “चहा घ्या आधी,” असंच म्हणतील. चहा घ्या, आणि मग किमतीचं बोला.