अर्धी भाकरी, पुरी झोप

मैत्रिणींनो, रात्रीचे दोन वाजले आहेत. घर निजले आहे. तुम्ही मात्र ओट्यापाशी उभ्या आहात, गॅसवर चहा उकळतो आहे आणि हात आपोआप खारीच्या डब्याकडे गेला आहे. दिवसभर भाताला शिवला नाहीत, ऑफिसात वाटलेला पेढा हसून परत केलात, आणि आता या घटकेला चार खाऱ्या कधी संपल्या ते कळलेही नाही. ओळखीचे वाटते ना? मला तरी फारच ओळखीचे आहे, कारण ती बाई मीच होते.

दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. ती शंभरच्या आत असावी, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितले, "भात, पोळी, साखर निम्म्यावर आणा. डाळी, अंडी, भाज्या वाढवा." सांगायला दोन वाक्ये! त्याच महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण रात्री दोन-तीनदा त्यांना उठवावे लागे. पहाटे पाचला माझा दिवस सुरू, साडेदहाला ऑफिस, आणि रात्री अकराच्या आत पाठ टेकल्याचे आठवत नाही. पथ्य सोमवारी सुरू होई आणि गुरुवारी मोडे. मग मी स्वतःलाच बोल लावी : जिभेवर ताबा नाही, दुसरे काय!

त्यातून मी एक पळवाट काढली. पोळी बंद केली आणि नाचणीची भाकरी सुरू केली. नाचणी पौष्टिक, मग हव्या तितक्या खाव्यात! कधी दोन, कधी तीन. तीन महिन्यांनी साखर पाहिली तर तिळभरही उतरली नव्हती.

हा गुंता सुटला तो दवाखान्यात नव्हे, आहुप्याला. आमच्याकडे मंचरला तिथली एक मुलगी कॉलेजसाठी राहते. तिच्या आजीने पावसाळ्यात जेवायला बोलावले. घोडेगाव, डिंभे करत, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने गाडी वर चढली की आंबेगाव तालुक्याच्या पार टोकाला आहुपे येते. पुढे कडा, आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्याचे कोकण. गावाची देवराई प्रसिद्ध आहे. वस्ती महादेव कोळी समाजाची. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई.

चुलीपाशी बसून मी आजीबाईंना मोठ्या हौशीने सांगितले, "मीसुद्धा आता नाचणीच खाते, तुमच्यासारखी. तुम्ही सगळ्या कशा सडसडीत!"

आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "बाई, नाचणीनं कुनी बारीक व्हत न्हाई. चढानं व्हतं." मग माझ्या डोळ्यांकडे पाहत त्यांनी विचारले, "तुमी निजता कव्हा?"

मला उत्तर सुचेना. परतताना गाडीत बोटांवर हिशेब केला. साडेचार तास, तेही दोन तुकड्यांत.

आजीबाईंच्या दोन्ही बोलांत किती अर्थ आहे ते घरी येऊन वाचू लागले तेव्हा उमगले. पहिली गोष्ट धान्याची. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, कोणतेही घ्या. कोरड्या १०० ग्रॅम धान्यात ६० ते ८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलीग्रॅम, आणि चोथाही चांगला. म्हणून पोळीऐवजी नाचणीची भाकरी जरूर घ्या. पण ती *ऐवजी* आहे, *शिवाय* नाही. तीन भाकऱ्या त्या तीनच! उपवासाच्या भगरीचेही तेच. भगर म्हणजे वरईच. आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पीठ. आपली "एकादशी, दुप्पट खाशी" पथ्याच्या मुळावर येते ती इथे.

आणि आहुप्याच्या बायका सडसडीत असतात ते हौसेने नव्हे, हेही ध्यानात असू द्या. डोक्यावर मोळी घेऊन चढण चढणे, चिखलात दिवसभर वाकून भातलावणी करणे, उन्हाळ्यात हिरडा वेचायला रानात फिरणे, हे कष्ट आहेत. व्यायामाचा वर्ग नव्हे. जुन्या काळी पावसाळ्यात कणगीतले धान्य संपत आले की रानातला पाला पोट भरी. त्या दिवशी माझ्या ताटात मात्र त्या पाल्याने मेजवानी केली : भारंगीची भाजी, कुर्डूची भाजी, सोबत हुलग्याचे कालवण आणि भाकरी एकच. ताटातला हा वाटा आपल्याला घेता येण्याजोगा आहे. रानभाजी नीट ओळखता येत नसेल तर ती वेचण्याच्या भानगडीत पडू नका. आपली मेथी, चवळई, शेपू, माठ काही कमी नाहीत.

दुसरी गोष्ट झोपेची, आणि आजचा मुद्दा खरा तोच. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये ११ तरुण पुरुषांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणावर राहू दिले. धडधाकट मुले, पण तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद मंदावली. तिथेच २००४ मध्ये १२ तरुणांवर दुसरा प्रयोग झाला. दोनच रात्री झोप तोडली. भूक लावणारे द्रव्य २८ टक्क्यांनी वाढले, पोट भरल्याची वर्दी देणारे १८ टक्क्यांनी घटले, आणि मुलांना ओढ लागली ती गोड आणि पिठाच्या पदार्थांची! तपासले ते पुरुष. तान्ह्या मुलाच्या आईला विचारले असते तर तिने प्रयोगाशिवायच हे सांगितले असते.

तेव्हा भगिनींनो, रात्री दोनला डब्याकडे जाणारा हात हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. ते थकलेल्या शरीराचे मागणे आहे. अशा वेळी नुसत्या निश्चयावर विसंबणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. घागर आधी लिंपायला हवी.

आहुप्याहून आल्यावर मी ह्यांना सारे सांगितले. हे गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला उठवायचं तरी होतंस." खरेच की! दोन महिने मी एकदाही उठवले नव्हते. सून म्हणून, गृहिणी म्हणून ते माझेच काम असे मीच धरून चालले होते. आम्ही रात्री वाटून घेतल्या. मुलगा तसाही मोबाइल घेऊन बारापर्यंत जागाच असतो. बाराची पाळी त्याच्याकडे गेली. बुधवार आणि शनिवारची पूर्ण रात्र ह्यांची. त्या दोन रात्री मी आतल्या खोलीत दार लावून निजते. पहिल्या बुधवारी मला झोपच येईना, कान बाहेर लागलेले. दुसऱ्या बुधवारी मात्र सलग सात तास झोपले आणि गुरुवारी खारीच्या डब्याची आठवणसुद्धा झाली नाही.

तुमच्या घरी माणसे कमी असतील, यजमानांची रात्रपाळी असेल, मूल अंगावर पीत असेल. सलग सात तास जमणार नाहीत. पण रविवारी दुपारी दीड तास, रात्रीची भांडी सकाळवर टाकून अर्धा तास, जिथून मिळेल तिथून झोप काढा. औषध मागताना आपण संकोच करतो का? मग झोप मागतानाही करू नका.

आता स्वयंपाकघराकडे वळू. वेगळे पथ्याचे शिजवायचे म्हटले की ते टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. घरात जे शिजते त्यातच पुढील फेरफार करा.

१. ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी आणि कोशिंबीर, एक भाग उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडे किंवा मासळी, आणि उरलेला एक भाग भाकरी *किंवा* भात. दोन्ही एकदम नकोत. बटाटा, रताळे, साबुदाणा यांना भाजीत नव्हे, भाताच्या भागात मोजा. आधी भाजी-उसळ खा, भाकरी शेवटी. पोट तोवर निम्मे भरलेले असते.

२. निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्यासाठी द्या. मटकी किंवा मूग भिजत घाला, दही विरजा, चार अंडी उकडून ठेवा, काकडी-गाजर धुऊन डब्यात भरा. सकाळच्या घाईत डोळे अर्धे मिटलेले असताना हाताला तेच लागले पाहिजे.

३. चहा मोजा. एक चमचा साखर म्हणजे ४-५ ग्रॅम. दिवसाचे पाच कप आणि दर कपाला दोन चमचे म्हटले तरी ४०-५० ग्रॅम साखर झाली. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जीभ कुरकुरत नाही. आणि दुपारी चारनंतरचा चहा सोडलात तर रात्री डोळाही लवकर लागेल.

४. रात्रीच्या जागरणाची शिदोरी आधीच काढून ठेवा : मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटीभर ताक, एखादे उकडलेले अंडे. खारी, टोस्ट, बिस्किटे मुलांसाठी आणायचीच असतील तर वरच्या फळीवर ठेवा. रात्री दोन वाजता स्टुलावर चढण्याइतका उत्साह कोणालाच नसतो!

५. उरलेसुरले पोटात ढकलू नका. रात्रीचा भात, मुलांच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी, "टाकायची कशी" म्हणून आपणच संपवतो. अन्न टाकू नये हे खरे, पण म्हणून आपले पोट म्हणजे घराची कोठी नव्हे. भात मोजून टाका, पोळ्या माणशी विचारून लाटा.

६. मोडले तर मोडले. लग्नाच्या पंगतीत जिलबी खाल्ली म्हणून सोमवारची वाट पाहू नका. पुढचे ताट नीट वाढून घ्या, तोच सोमवार.

कुणी म्हणेल, "मी कुठे जाड आहे? मला कशाला हे?" तर पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ऐका. २००४ मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजन पाहावे तर दोघांचे अगदी सारखे. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नका. पस्तिशीनंतर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.

आणि किती कमी करायचे? भाकरी-भात अजिबात वर्ज्य करण्याच्या फंदात पडू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा असे म्हटले आहे. आपल्या बहुतेक घरांत तो त्याहून बराच जास्त असतो. तेव्हा तीनाच्या दीड भाकऱ्या करणे हाही मोठाच पल्ला आहे. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून धान्य तोडू नये. औषध तेवढेच राहिले तर साखर एकाएकी उतरून चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

माझे म्हणाल तर सहा महिन्यांनी साखर १०३ आली. उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण पाऊल मागे आले. सासूबाई आता काठी घेऊन स्वतः उठतात. तरीही बुधवार-शनिवारचा पायंडा आम्ही मोडलेला नाही.

परवा आहुप्याच्या आजीबाईंचा नातीच्या फोनवर निरोप आला. साखरेची चौकशी नाही, वजनाची नाही. एवढेच विचारले, "बाई निजती का आता?"

मैत्रिणींनो, आज रात्री दिवा मालवताना हाच प्रश्न स्वतःला विचारा. आणि उत्तर "नाही" असेल, तर पथ्याची सुरुवात ताटापासून नव्हे, अंथरुणापासून करा.