'परंपरा' आणि 'छंद' यांच्यात बुडालेली मजुरी : लोकरीच्या जाळीदार शालीविषयी
#थ्रेड

१/ दोन सुयांवर विणलेल्या लोकरीच्या जाळीदार शालीचे छायाचित्र कोणी टाकले की खाली दोन प्रकारचे अभिप्राय हमखास उमटतात. पहिला : 'ही आपली हजारो वर्षांची परंपरा.' दुसरा : 'फावल्या वेळेचा किती सुंदर उपयोग!' आम्हा येडशीकडच्या मंडळींत पहिल्याला आणखी एक शेपूट जोडले जाते : 'आपल्या तेरचे कापड थेट रोमला जात असे, ठाऊक आहे ना?' इतिहासाच्या कसोटीवर यातले पहिले विधान टिकत नाही आणि दुसरेही टिकत नाही. दोन्हींचा भुर्दंड मात्र एकाच व्यक्तीला पडतो, विणणारीला.

२/ आधी तेर. येडशीजवळचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर असा येतो. तेथील माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात पोहोचत असे. इथपर्यंत अभिमान रास्तच आहे.

३/ परंतु मालाची यादी नीट वाचावी. तीत प्रथम येते ते पुष्कळसे साधे, जाडेभरडे कापड. मग तलम वस्त्रांचे प्रकार आणि एक विशिष्ट जातीचे कापड, ज्याच्या नावाचा अर्थ अभ्यासक आजही लावीत आहेत. हे सगळे मागावरचे. सुयांवर विणलेल्या वस्त्राचा त्यात मागमूस नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. दोन सुयांच्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने जगात सापडले, त्यांत इजिप्तमधील सुती मोजे येतात, आणि ते पेरिप्लसनंतर जवळजवळ हजार वर्षांचे आहेत.

४/ हा घोटाळा होण्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत माग विणतो, बाज विणतात, टोपली विणतात, स्वेटरही विणतात. क्रियापद एक, तंत्रे चार. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांतून जातात. सुयांवर एकच अखंड धागा स्वतःच्याच फाशांत अडकत जातो. एक टाका सुटला की मैलभर उसवते, मागाच्या कापडाचे तसे होत नाही. 'विणकाम' या एका शब्दाच्या आडोशाने दोन हजार वर्षांची उडी मारणे सोपे जाते, एवढेच.

५/ आमच्या भागात लोकरीची खरी जुनी परंपरा आहे ती घोंगडीची. दक्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ, बहुधा काळी. धनगरांच्या घरी तिचे सूत निघते, सणगर ते खड्ड्याच्या मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. पावसात पाणी अडवणारे, जमिनीवर अंथरता येणारे, पिढीभर टिकणारे वस्त्र. त्या लोकरीतून अंगठीतून आरपार जाणारी जाळी निघणार नाही, आणि त्यात घोंगडीचा कमीपणाही नाही.

६/ मग जाळीदार शाल आली कोठून? रशियातील ओरेनबुर्गला अठराव्या शतकापासून शेळीच्या मऊ लोकरीच्या शाली होत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेसची शाल बहरली, तीही श्रीमंतांच्या बाजारासाठी. म्हणजे आपण जिला जगाची 'प्राचीन' कला समजतो, ती बऱ्याच अंशी आगगाडीच्या वयाची आहे.

७/ आता मुख्य मुद्दा. १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाचा शेटलंडविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात विणणाऱ्या बायकांच्या साक्षी आहेत. व्यापारी शाल घेत आणि मोबदल्यात रोकड न देता दुकानातला चहा आणि कापड देत. घरात पीठ नाही, हातात चहा, अशी गत. मग तोच चहा देऊन कोठूनतरी धान्य मिळवायचे. राजघराण्यापर्यंत पोहोचलेल्या कलेचा हा हिशेब आहे.

८/ हे दूर वाटत असेल तर शेजारी आंध्रात या. गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस यांचा तेथील लेसकरणींवरचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे सहा ते आठ तास परदेशी बाजारासाठी लेस करणाऱ्या स्त्रिया 'गृहिणी' गणल्या जात होत्या, त्यांचे काम 'फावल्या वेळचे' मानले जात होते, आणि निर्यातदार पुरुष त्यावर श्रीमंत होत होते. 'छंद' हा शब्द तेथे मजुरी ठरवण्याचे हत्यार होता.

९/ महाराष्ट्रातही सुई निरागस नव्हती. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, निघाले. तेथील अभ्यासक्रमावरून जो वाद झडला त्यात टिळकांच्या पत्रांची भूमिका अशी की मुलींना इंग्रजी-गणितापेक्षा घरकाम, शिवणटिपण शिकवावे. गंमत अशी की सुईकाम हे गणिताला पर्याय म्हणून सुचवले जात होते.

१०/ ते गणित पाहा. शेटलंडची एक प्रसिद्ध लाटांची वीण अठरा टाक्यांवर बसते. तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र. मग सहा वेळा सुईवर धागा घेऊन एक सुलट. पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. सहा टाके घटले, सहा वाढले, बेरीज पुन्हा अठरा. सुईवर घेतलेला धागा म्हणजे भोक, आणि भोकांच्या जागा म्हणजे नक्षी. चौकोनी शालीला हे सोपे. त्रिकोणी शालीत दर काही ओळींनी टाके वाढतात आणि नक्षी कडेला तुटू न देता तो वाढावा त्यात जिरवावा लागतो. शेवटी शाल भिजवून, ताणून, टाचण्यांनी चौफेर खिळवून वाळवायची; तोवर ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. हे आराखड्याचे काम आहे. मागाच्या नक्षीला आपण 'डिझाइन' म्हणतो, हिला 'हाताला चाळा' म्हणतो.

११/ कोणी विचारील : मग ही कला परकी, टाकून द्यावी काय? मिरची परकी, बटाटा परका, कीर्तनातली पेटीही परकीच. कोणती वस्तू कोठून आली याने तिच्यावरचा हक्क ठरत नसतो. माझा आक्षेप वयाविषयीच्या खोट्या दाव्याला आहे, कारण 'परंपरा' म्हटले की नक्षी कोणा एकीची उरत नाही, सर्वांची होते. आणि सर्वांच्या वस्तूचे पैसे कोणी कोणाला देत नाही. तेरच्या गोरोबाकाकांचे, एका कुंभाराचे, नाव सात शतके टिकले. तगराचे कापड विणणाऱ्या एकाही हाताचे नाव आपल्याजवळ नाही. निदान जी बाई आज समोर बसून टाके मोजते आहे, तिचे नाव शालीच्या छायाचित्राखाली लिहायला कोणता पुरावा हवा?

१२/ आणि ते सार्वत्रिक वाक्य : 'लोकर मी आणून देते, तू फक्त विणून दे.' सणगराकडे आपले सूत घेऊन घोंगडी करायला टाकणारा माणूसही मजुरी किती ते आधी विचारतो.